सात इंच समुद्र

“माझा समुद्र कुठं गेला गो?”

कुमुदताईंच्या घराच्या आढ्यावर शेवटचं कौल बसवून विश्राम मेस्त्री शिडीवरून उतरत होते, मी खालून शिडी धरली होती, आणि शेजारच्या माडीवरून हा प्रश्न आला. मान वर करून बघितलं, तर आबा मयेकर. जन्मभर शिडाच्या मचव्यावर तांडेल म्हणून सुकाणू धरलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून माडीच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसून असायचे. कुमुदताईंच्या आढ्यावरून त्यांना समुद्र दिसायचा.

“तिथंच आहे हो आबा! आम्ही नाही हलवला!” मी खालून ओरडले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

आबा हसले नाहीत. “दोन बोटं दिसायचा. आता नखाएवढापण नाय,” असं म्हणून ते समोर बघत राहिले.

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ही माझी दुसरी चूक. पहिली मी तीन महिन्यांपूर्वीच करून बसले होते, फक्त तिचा मला पत्ता नव्हता.

अठ्ठावीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. सिव्हिलचा डिप्लोमा, पाच वर्षं दुसऱ्यांच्या कामांवर उन्हात उभं राहून वाळूच्या पाट्या मोजलेल्या, आणि चार महिन्यांपूर्वी हातात आलेला स्वतःचा परवाना. ‘कु. शैला दिनकर नार्वेकर, नोंदणीकृत कंत्राटदार.’ आईनं तो फ्रेम करून गणपतीशेजारी लावला होता आणि रोज दोघांनाही हळदकुंकू वाहत होती. पण फ्रेममधल्या त्या कागदावर बारीक अक्षरात ‘तात्पुरता’ असंही छापलेलं होतं. आमच्या पालिकेची तेव्हा रीतच होती, पहिलं वर्ष परीक्षेचं. त्या वर्षात एखाद्या कामावर परवानगीबाहेर काही केल्याचं सिद्ध झालं, की परवाना रद्द आणि पुढं पाच वर्षं अर्जसुद्धा करायचा नाही.

कुमुदताई भाटकरांचं घर हे माझं पहिलं स्वतंत्र काम. ताई निवृत्त शिक्षिका. नवरा गेलेला, मुलगी सासरी. फंडाचे पैसे आले तशी त्यांनी गळकं छप्पर मनावर घेतलं. माझं अंदाजपत्रक त्यांनी लाल पेनानं तपासलं. “खिळे चार किलो? घर बांधत्येस की जहाज?” करत करत एक्केचाळीस हजारांवर आम्ही दोघी आलो. वासे नवे, रिपा नव्या, आढं नवं, कौलं निम्मी जुनीच. आढं म्हणजे छपराचा कणा, दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींवर टेकलेला आडवा वासा. जुनं आढं वाळवीनं पोखरलेलं होतं. परवानगी फक्त दुरुस्तीची मिळाली होती आणि तिच्यात एक अट होती: आढ्याची उंची मूळ उंचीपेक्षा वाढता कामा नये.

आठव्या दिवशी पालिकेचा लिफाफा आला. शेजारी श्री. आत्माराम मयेकर, म्हणजे आबा, यांची तक्रार, की दुरुस्तीच्या नावाखाली छप्पर उंच केलं. सोमवारी सकाळी दहाला तपासणी.

“चोराच्या उलट्या बोंबा!” कुमुदताई कडाडल्या. “ह्यांच्या माडीचं पागोळीचं पाणी तीस वर्षं माझ्या अंगणात पडतंय, मी कधी शब्द काढला?”

“ताई, आपण वाढवलेलंच नाही. येऊ देत की साहेबांना,” मी म्हटलं. मनात तर मला उकळ्याच फुटत होत्या. भर कामावर, सगळ्यांसमोर, माझं काम चोख असल्याचा दाखला मिळणार होता. मी सोमवारी इस्त्रीची साडी नेसून गेले.

निरीक्षक खेडेकर साहेब आले ते मागच्या ओढ्याच्या वाटेनं, आणि एक बूट गच्च भिजलेला घेऊन. “मागच्या पऱ्यावरचा साकव कुणी घातलाय हो? पाय टाकावा तर मधेच उंचवटा! गेलो ना पाण्यात घोट्यापर्यंत!” ते ओसरीवर बसून मोजा पिळत होते. ताईंनी पंचा दिला, चहा दिला. साहेबांचा पारा काही उतरेना. आबा काठी टेकत टेकत येऊन अंगणात उभे राहिले होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण चहाचा एक कप त्यांच्यापुढंही सरकवला. शेजारधर्म आमच्याकडं भांडणातसुद्धा सुटत नाही.

मग माप. विश्राम मेस्त्री माळ्यावर चढले आणि त्यांनी माजघराच्या बरोबर मध्यावर आढ्यापासून ओळंबा सोडला. खाली साहेबांनी टेप धरली.

“सतरा फूट अकरा इंच,” साहेब म्हणाले. फाईल उघडली. माझा अर्ज काढला. माझं वळणदार अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. “आणि अर्जात मूळ उंची लिहिलीय... सतरा फूट चार इंच.”

मी पुढं होऊन फाईलमध्ये डोकावले.

“पुन्हा मोजा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

पुन्हा मोजलं. सतरा-अकरा.

“अहो, पण आम्ही भिंतीला हातसुद्धा लावला नाही! आढं होतं त्याच खोबणीत बसवलंय!”

“बाई, खोबणीचं मला कळत नाही. उंची तुम्ही लिहून दिलीत, सही तुमची. सात इंच वाढ. मी इथं काय लिहू, सांगा.”

मी काय सांगणार, कपाळ! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणीही मागितलं नसताना, घाईत चालून जाईल असं सगळे सांगत असताना, मी प्रामाणिकपणे त्या काळोख्या माळ्यावर चढून, जाळीजळमटं अंगावर घेऊन ते माप काढलं होतं. आणि आता तेच माझा गळा आवळत होतं. परवाना जाणार, हे तर झालंच. वर छप्पर पुन्हा उतरवा, आढं खाली घ्या, प्रत्येक वासा नव्यानं कापा. तो खर्च कुणाचा? ताईंचा फंड संपलेला. म्हणजे माझा, आणि माझ्याकडं तर इस्त्रीच्या साडीचेही पैसे आईचे होते. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी खाली बघितलं. समोर साहेबांचा ओला बूट होता.

भिजलेला बूट. पऱ्या. साकव. मधेच उंचवटा.

“मेस्त्री!” मी इतक्या जोरात ओरडले की ताईंच्या हातातला कप हिंदकळला. “जुनं आढं कुठं आहे?”

मेस्त्री माळ्यावरून डोकावले. “का गो बाय?”

“कुठं टाकलंत ते आधी सांगा!”

“मीच सांगते,” ताई फणकारल्या. “मी म्हटलं, फोडून द्या, न्हाणीच्या चुलीत चार महिने पुरेल. तर हे म्हणाले, घराचं आढं चुलीत घालायचं नसतं. घेऊन गेले कुठंतरी.”

“नसतंच घालायचं,” मेस्त्री शांतपणे उतरत म्हणाले. “ज्यानं घर डोक्यावर धरलं त्याला जाळायचं? माझ्या बापानं नाय जाळलं, मी नाय जाळणार. लोकांच्या उपयोगी लावलं. मागल्या पऱ्यावर साकव केला.”

“आणि उंचवटा?”

“वाकडं लाकूड साकवाला लावायचं तर कमान वर करूनच लावतात ना. नायतर झोळीसारखं खाली नाय लोंबणार?”

मी साहेबांकडं वळले. हसू आणि रडू एकदमच येत होतं. “साहेब, तुमचा दुसरा बूट पण भिजवायला लागेल. चला.”

निघाली वरात. पुढं मी, साडी खोचून. मागं साहेब, एका पायात बूट आणि एका पायात ताईंची स्लिपर. त्यामागं मेस्त्री आपली सुतळी घेऊन, ताई फाईल घेऊन, आणि सगळ्यांच्या मागं काठी टेकत आबा. “मला सोडून काय बघू नका हा,” असं ते मागून बजावत होते. पऱ्याजवळ वाडीतले दोघं-तिघं नारळ सोलत बसले होते. त्यांना हाताशी धरून मेस्त्रींनी ते लाकूड उपसलं आणि गवतावर आडवं घातलं. ऐनाचं सोळा फुटी आढं, साठ-सत्तर वर्षांच्या कौलांच्या भारानं वाकलेलं.

मेस्त्रींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली. टोकांना सुतळी लाकडाला चिकटलेली, आणि मधोमध लाकूड तिच्यापासून लांब गेलेलं. साहेबांनी वाकून त्या फटीत टेप घातली.

“पावणेसात इंच.”

“भार उतरला की लाकूड जरा श्वास घेतं,” मेस्त्री म्हणाले. “पाव इंच तेवढ्यात गेला.”

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग टेप परत धरली, परत वाचली. मी बोलायला लागले ती थांबेचना. “मी माप मधे घेतलं साहेब, जिथं आढं सात इंच खाली बसलं होतं तिथं. मोजायला पाहिजे होतं भिंतीवर, टोकाला. तिथले चिरे जुने आहेत, खोबणी जुन्या आहेत, धूर धरलेल्या आहेत, या वर चढून बघा. मेस्त्रींनी सरळ लाकूड त्याच खोबणीत बसवलं. घर वर नाही गेलं, फक्त सरळ झालं!”

“माझ्या हातनं वाकडं बसलंय असं कधी झालंय काय?” मेस्त्रींनी मधेच आपलं घोडं दामटलं.

साहेब परत येऊन शिडी चढले. दोन्ही टोकांच्या खोबणींत बोट घालून काजळी पाहिली, बोट पुसलं आणि उतरले. “बाई, माप कुठं घ्यायचं ते पुढच्या वेळी लक्षात ठेवा,” एवढं म्हणून त्यांनी लिहिलं, ‘मूळ उंची कायम. वाढ आढळली नाही.’ मी ओसरीच्या पायरीवर बसले. ताईंनी माझ्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली आणि म्हणाल्या, “पास!”

साहेब जाताना म्हणाले, “तक्रारदारांची सही घ्या, निकाल मान्य म्हणून. आणि तो साकव बदला. सरकारी माणूस पडलाय त्यावरून.”

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आबा परतलेलेच नाहीत.

ते पऱ्यावरच होते. त्या लाकडाशी, गवतात बसलेले. मेस्त्रींची सुतळी अजून ताणलेलीच होती. आबांनी सुतळी आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत आपला पंजा उभा घातला होता.

“इथनं बघायचो मी,” ते म्हणाले. “ह्या एवढ्यातनं. मला वाटायचं समुद्र वर हाय. समुद्र वर नव्हता गो, आढं खाली होतं.”

मी कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला नाही. “तू खोटं नाय बोललीस. मीपण नाय बोललो,” म्हणून सही करून टाकली. सहीसुद्धा तांडेलाची, नांगर टाकल्यासारखी ठसठशीत. मग उठताना त्यांनी हात पुढं केला आणि मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले.

खरं सांगायचं तर मला पळायचं होतं. जिंकलेला कागद घेऊन आईकडं पळत सुटायचं होतं. पण माडीवर पोचताच सरस्वतीकाकूंनी मला हाक मारून आत बसवलं. आबांची बायको. डोळे जाऊन सात-आठ वर्षं झालेली, पण जीभ अशी तल्लख की नाव नको. हातावर खोबऱ्याची वडी ठेवून म्हणाल्या, “काय गो, माझ्या घोवाला समुद्र परत दिलास काय?”

“नाही हो काकू. माप बरोबर निघालं.”

“ते निघणारच. तुझं काम चोख हाय, सगळे सांगतात.” त्या हळूच हसल्या. “आमचं कसं, ते सकाळी बाहेर बसतात, मी इकडं आत. ‘आत्ता पाटकरांचा मचवा गेला, आत्ता दर्याराणी गेली, शीड फाटलंय मेल्याचं,’ असं ते तिकडनं सांगतात आणि मी भाकऱ्या थापते. सात वर्षं चाललंय. गेले पंधरा दिवस पण सांगतात.”

“पण त्यांना तर दिसत नाही...”

“तेच ना! सगळं मनचं सांगतात. परवा म्हणाले, दर्याराणी गेली झोकात.” काकू पदरात तोंड घालून हसायला लागल्या. “दर्याराणी गेल्या आठवड्यातच विकली तिच्या मालकानं! मासेवाली मला सांगून गेली. मी म्हटलं, असू दे. म्हटलं, ‘शीड शिवलं काय हो तिचं?’ तर म्हणतात, ‘शिवलं, नवंकोरं घातलं!’”

मीही हसले. वडी मात्र हातातच राहिली. मला फार वाईट वाटलं. माझ्या पिशवीत ‘वाढ आढळली नाही’ होतं आणि तो कागद शंभर टक्के खरा होता.

“उभं राहून दिसतो ना समुद्र?” मी बाहेर गॅलरीत जाऊन आबांना विचारलं.

“दिसतो. पण उभं किती राहू? गुडघे रडतात.”

“खुर्चीवर उशा घेऊन?”

“घेतल्या. दोन. पाय लोंबकळाय लागले, पाळण्यातल्या पोरासारखे. ही हसली.”

मी पिशवीतून टेप काढली. तिथंच, गॅलरीत, ओणवी होऊन खुर्चीच्या चार पायांमधलं अंतर घेतलं. या वेळी टोकाला घेतलं, मध्यावर घेतलं, दोनदा घेतलं.

“काय करत्येस गो?”

“काही नाही. घेऊ देत.”

मेस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखे आढेवेढे घेतले नाहीत. वाडीला साकव हवाच होता, म्हणून ताईंच्या कामातले उरलेले दोन सरळ वासे आम्ही पऱ्यावर टाकले. ताईंनी मला लाल पेनाची भीती घालत, पण हसत, ते फुकट दिले. आणि ते जुनं आढं मेस्त्रींनी चिरलं. वाळवीनं खाल्लेलं टोक टाकून दिलं, वाकडं होतं तिथं लहान तुकडे केले, रंध्यानं साफ केले. आतून ऐन अजून काळाभोर, खणखणीत निघाला. तीन दिवसांत एक बसका चौथरा तयार झाला. वर खुर्ची मावेल, पुढं पाय टेकतील एवढी जागा, आणि चढायला एक अर्धी पायरी. खुर्ची घसरू नये म्हणून मेस्त्रींनी कडेनं पट्टी मारली. मजुरी घेतली नाहीच, वर म्हणाले, “आढं शेवटी आढ्याच्याच कामी लागलं. माणूस धरतंय.”

रविवारी सकाळी भरतीच्या वेळेला आम्ही तो चौथरा माडीवर चढवला. मी, मेस्त्री आणि चक्क कुमुदताई. ताई तीस वर्षांत पहिल्यांदा त्या जिन्यानं वर आल्या होत्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, “गॅलरी झाडत नाही वाटतं कुणी?” खुर्ची वर ठेवली. आबांना दोन्ही बाजूंनी धरून पायरी चढवली. ते बसले. पाय टेकले. मान वर केली.

मी खुर्चीमागं उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त काठीवरचा हात दिसत होता. मग त्यांनी ती काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

आतून काकूंनी विचारलं, “अहो, काय दिसतंय काय?”

आबांनी घसा साफ केला. “पाटकरांचा मचवा चाललाय,” ते म्हणाले. “आणि ऐक गो, दर्याराणी नाय दिसत. विकली वाटतं.”

आत काकूंची भाकरी थापायचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.

मला डोळे पुसायला पदर सापडेना. तेवढ्यात आबांनी मला पुढं बोलावलं. डोळा बारीक करून, हात लांब करून, आढ्याच्या वर दिसणारा समुद्र त्यांनी बोटांनी मोजला. एक, दोन, तीन.

“आधी दोन बोटं होता. आता तीन हाय,” ते म्हणाले. “चौथरा किती उंचीचा केलास?”

“नऊ इंच,” मी कबूल केलं. “म्हटलं, थोडा जास्त असू दे.”

“आढं वाढलं किती होतं?”

“सात.”

“म्हणजे मूळ उंचीपेक्षा दोन इंच वाढवलंस.” आबांनी अगदी खेडेकर साहेबांसारखी मान हलवली. “परवानगी काढली होतीस काय? का करू तक्रार?”